सेल्फ जड झाला: बॅटरी की अल्टरनेटर?

सकाळी पहिल्यांदा सेल्फ मारला की इंजिन रडतखडत फिरायचं, डॅशबोर्डचे दिवे मंदावायचे. दुपारी मात्र गाडी झटक्यात सुरू. अशा वेळी जो तो ‘बॅटरी बदल’ म्हणतो. मी आधी बॅटरीला मल्टिमीटर (व्होल्टेज मोजायचं यंत्र) लावला.

रात्रभर उभ्या असलेल्या गाडीत १२.६ व्होल्टच्या आसपास यायला हवेत, आले १२.१. इंजिन चालू असताना १४.२, म्हणजे अल्टरनेटर (इंजिन चालू असताना बॅटरी चार्ज करतो तो) ठणठणीत. टर्मिनलवरची पांढरट-हिरवी भुकटी खाण्याचा सोडा आणि कोमट पाण्याने साफ केली, क्लॅम्प आवळले. फरक शून्य.

मग चार्जरवर पूर्ण चार्ज करून काही तास तशीच ठेवली. १२.६! पण सेल्फ मारताच आकडा धाडकन ८.५ वर. उभ्या गाडीतलं व्होल्टेज असं फसवतं, खरी परीक्षा लोड आल्यावरच. चार्ज असूनही साडेनऊच्या खाली जात असेल तर बॅटरीत दम उरलेला नाही. हिची चार वर्षं भरलीच होती.

नवी स्वतः बसवली. काढताना आधी निगेटिव्ह, लावताना आधी पॉझिटिव्ह. आणि हो, बॅटरी फुगलेली दिसली तर मोजत बसू नका, सरळ बदला.