ट्रेल बांधायला नको, आधी ट्रेलच्या प्लॅनसाठी पैसे मागा

अमेरिकेत तुम्ही गावच्या पार्क कमिटीवर असाल किंवा नदीकाठी ट्रेल, म्हणजे चालायची-सायकलची वाट, व्हावी म्हणून धडपडणाऱ्या एखाद्या ग्रुपमध्ये असाल, तर एक सांगतो, जवळपास सगळे एकच चूक करतात. डोक्यात ट्रेल पूर्ण आखलेली असते आणि थेट बांधकामाची ग्रँट शोधायला बसतात. मग अर्जात विचारतात जमीन कोणाची, खर्चाचा अंदाज कुठाय, लोकांना विचारलंत का, आणि तिथेच गाडी अडते. ही सगळी उत्तरं तयार करायलाही पैसा लागतो, सर्व्हेअर लागतो, नकाशे लागतात, आणि त्यासाठीच प्लॅनिंगची ग्रँट.

सुरुवात फुकटातल्या मदतीपासून करा. नॅशनल पार्क सर्व्हिसचा रिव्हर्स, ट्रेल्स अँड कॉन्झर्वेशन असिस्टन्स नावाचा प्रोग्राम आहे, लोक त्याला आरटीसीए म्हणतात. ते पैसे देत नाहीत, माणसं देतात, म्हणजे त्यांचा प्लॅनर तुमच्याबरोबर बसतो, मीटिंगा चालवायला, कन्सेप्ट प्लॅन करायला, पुढचा निधी कुठून येईल ते शोधायला. तुमची जागा नॅशनल पार्कमध्ये असायची अजिबात गरज नाही. 'पैसे नाहीत मग काय उपयोग' म्हणून लोक हा सोडून देतात, मला विचाराल तर लहान गावाला सगळ्यात आधी हाच हवा.

मग राज्याकडे वळा. लँड अँड वॉटर कॉन्झर्वेशन फंड, १९६४ च्या कायद्याचा, समुद्रातल्या तेल आणि गॅसच्या उत्पन्नातून भरला जाणारा. २०२० च्या कायद्याने त्याला दरवर्षी ९० कोटी डॉलर कायमचे ठरवून दिले, पण ते सगळे गावांना मिळत नाहीत, त्यातला राज्यांचा वाटा राज्यामार्फत खाली येतो. गावांच्या बाबतीत हा फंड मुख्यतः जमीन घ्यायला आणि बांधायला आहे, मग प्लॅनच्या गोष्टीत तो कशाला आणला? कारण प्रत्येक राज्याला त्यासाठी दर ५ वर्षांनी आउटडोर रिक्रिएशनचा प्लॅन करावा लागतो, त्याला स्कॉर्प म्हणतात. तो उघडा, तुमच्या भागाची कोणती गरज त्यात लिहिलीय ते शोधा आणि तुमचा प्लॅन त्या गरजेला धरून लिहा. आणि एक गोष्ट गावच्या कौन्सिलला आधीच सांगून ठेवा, या फंडाचा पैसा लागला की ती जागा कायमची सार्वजनिक मैदानी वापरासाठी राखून ठेवावी लागते. उद्या तिथे फायर स्टेशन काढायचं ठरलं तर पार्क सर्व्हिसची परवानगी लागेल आणि तेवढ्याच किमतीची, तशाच उपयोगाची दुसरी जागा द्यावी लागेल. म्हणून कोणता तुकडा कायमचा राखून ठेवायचा हे प्लॅनमध्येच ठरवलेलं बरं. याशिवाय राज्यांच्या स्वतःच्याही प्लॅनिंग ग्रँट असतात, नावं वेगवेगळी, त्यामुळे सरळ राज्याच्या पार्क खात्यातल्या ग्रँटवाल्या माणसाला फोन करा. अर्ज लिहायच्या आधी, नंतर नाही.

आता मॅच, म्हणजे खर्चातला तुमचा स्वतःचा वाटा, लोक सगळ्यात जास्त इथेच घसरतात. वरच्या फंडात निम्मा खर्च तुमचा. ट्रेल्ससाठीच्या रिक्रिएशनल ट्रेल्स प्रोग्राममध्ये साधारण ८० टक्के फेडरल, म्हणजे केंद्र सरकारचे, उरलेले तुमचे. मॅच म्हणजे रोखच पाहिजे असं नाही, व्हॉलंटियरचे तास, कोणी फुकट केलेला सर्व्हे हेही बऱ्याच ठिकाणी धरतात, पण कागद लागतो. तारीख, काम, तास, सही. आमच्या ग्रुपने एकदा सगळे तास नुसते फोनवरच्या मेसेजमध्ये ठेवले होते, त्यातला एकही धरला नाही कोणी, आणि मग मॅचचं भोक बुजवायला पळापळ. शिवाय ग्रँट मंजूर व्हायच्या आधीचे तास लेखी परवानगी नसेल तर सहसा चालत नाहीत, आणि एका फेडरल पैशाला दुसऱ्या फेडरल पैशाची मॅचही साधारणपणे चालत नाही.

दुसरी गोम अशी की बहुतेक ग्रँट रीइम्बर्समेंटवर असतात, आधी तुम्ही खर्च करा, बिलं दाखवा, मग पैसे. ग्रुपच्या खात्यात तेवढे नसतील तर शहराला किंवा काउंटीला (आपल्या जिल्ह्यासारखी) मुख्य अर्जदार करा. मग कौन्सिलचा ठराव लागेल आणि कौन्सिल महिन्यातून एकदा-दोनदाच बसतं, डेडलाइनपासून उलटं मोजा. फेडरल पैशाला यूईआय नंबर, म्हणजे संस्थेचा ओळख क्रमांक, पण लागतो, तो सॅम डॉट गव्ह या सरकारी वेबसाइटवर फुकट मिळतो, 'आम्ही करून देतो, इतके डॉलर' अशी ईमेल आली तर सरळ डिलीट करा.

लोकांना विचारायचं म्हणजे संध्याकाळी टाउन हॉलमध्ये खुर्च्या मांडायच्या नाहीत, तिथे तेच दहा जण येतात. शनिवारी मुलांचे खेळ चालू असताना मैदानावर मोठा नकाशा घेऊन उभे राहा, मुलांच्या हातात स्टिकर द्या, व्हीलचेअरवरच्या माणसाला विचारा की तो कुठे अडकतो. किती जण बोलले, काय म्हणाले आणि त्यामुळे प्लॅनमध्ये काय बदललं हे लिहून ठेवा. अर्जात हाच भाग वाचणाऱ्याला पटतो, आणि एकाच मजकुराची वीस सपोर्ट लेटर्स पाठवली तर तो लगेच ओळखतो. त्यापेक्षा ज्याच्या जमिनीतून ट्रेल जायचीय त्या मालकाचं एक पत्र मिळवा.

कन्सल्टंटबद्दल जपून. एखादी फर्म 'अर्ज आणि कामाचा तपशील आम्हीच लिहून देतो' म्हणते, पण फेडरल नियमांप्रमाणे ज्याने टेंडरचा तपशील लिहिला त्याला त्याच कामासाठी स्पर्धेत उतरता येत नाही. तपशील तुम्ही लिहा: कोणते नकाशे, किती मीटिंगा, टप्प्याटप्प्याने खर्चाचा अंदाज, आणि देखभाल कोण करणार, कोणत्या बजेटमधून. हे शेवटचं बहुतेक जण लिहीतच नाहीत.

नाकारला गेला तर मार्क कुठे कापले ते ग्रँट ऑफिसला विचारा, बरेच जण सांगतात. तोच अर्ज दुरुस्त करून पुढच्या राउंडला टाका, ठरावाची तारीख मात्र बदलायला विसरू नका.