आई-बाबा उन्हाळ्यात अमेरिकेत येणार असतील तर…

'अमेरिकेत कसले आलेत डास!' असं नवीन आलेला जवळपास प्रत्येकजण म्हणतो. आहेत, आणि वेस्ट नाइल नावाचा विषाणूही पसरवतात. १९९९ मध्ये तो अमेरिकेत पहिल्यांदा, न्यूयॉर्कमध्ये सापडला आणि काही वर्षांत पार कॅलिफोर्नियापर्यंत पोचला.

दहातल्या आठ जणांना लागण होऊनही काही जाणवत नाही. बाकीच्यांपैकी बहुतेकांना ताप, डोकेदुखी, अंगदुखी, कधी पुरळ. लागण झालेल्या साधारण दीडशेत एखाद्याच्या मात्र मेंदूपर्यंत प्रकरण जातं. हा एखादा कोण? तरुणांनाही होऊ शकतं, पण जास्त धोका साठी ओलांडलेल्यांना, आणि मधुमेह, रक्तदाब, किडनीचा आजार असणाऱ्यांना किंवा कॅन्सरचे उपचार चालू असणाऱ्यांना. म्हणजे काळजी तुमच्यापेक्षा, जूनमध्ये येऊन थंडीच्या आत परतणाऱ्या आई-बाबांची. त्यात रुग्ण सर्वात जास्त ऑगस्ट-सप्टेंबरात, म्हणजे ते इथे असतानाच.

आपल्याला डेंग्यूची सवय असते: दिवसा चावणारा डास, साठवलेलं स्वच्छ पाणी. वेस्ट नाइलचा क्युलेक्स डास दिवस मावळल्यापासून पहाटेपर्यंत चावतो आणि त्याला कुजकं, साचलेलं पाणीही चालतं. नेमक्या त्याच वेळी बाबा चप्पल घालून फिरायला निघतात आणि आई डेकवर फोन घेऊन बसते. फिरणं बंद करू नका, ते त्यांच्या तब्येतीला हवंच आहे. पायमोजे, पूर्ण पँट, लांब बाह्या आणि उघड्या अंगावर डास पळवणारं रिपेलंट, एवढं झालं की जाऊ द्या.

रिपेलंट घेताना बाटलीवर ईपीएचा (अमेरिकेच्या सरकारी पर्यावरण संस्थेचा) नोंदणी क्रमांक बघा. डीट किंवा पिकारिडिन ही डास पळवणारी रसायनं असलेलं घ्या. डीटचं प्रमाण वीस ते तीस टक्के असलं तरी संध्याकाळ सहज निघते. आधी सनस्क्रीन, वर रिपेलंट. तोंडावर थेट फवारायचं नाही, हातावर घेऊन लावायचं. डीटने प्लास्टिक खराब होतं, म्हणून चष्मा आधी काढून ठेवायला सांगा. दोन महिन्यांखालच्या बाळाला काहीच लावू नका, स्ट्रोलरवर जाळी टाका. मनगटातले सुगंधी पट्टे आणि आवाज करणारी यंत्रं यांच्यावर पैसे घालवू नका.

भाड्याच्या घरात खिडकीची जाळी फाटली असेल तर लीझिंग ऑफिसला लेखी कळवा. तोंडी सांगितलेलं हवेत विरतं. कुंड्यांखालच्या ताटल्या, मुलांची खेळणी, ग्रिलवरचं झाकण, पन्हाळी यांतलं पाणी आठवड्यातून एकदा ओतून टाका. उन्हाळ्यात अंड्यातून डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात.

चावल्यापासून दोन ते चौदा दिवसांत ताप येऊ शकतो. यावर खास औषध नाही. लस आहे ती घोड्यांसाठी, माणसांसाठी अजून नाही. तापाबरोबर मान आखडली, बोलण्यात गोंधळ दिसला, हातपाय लुळे वाटले, तर क्लिनिकची अपॉइंटमेंट शोधत बसू नका, थेट इमर्जन्सीत न्या. त्यासाठी आई-बाबांचा व्हिजिटर विमा ते यायच्या आधीच घ्या आणि जुन्या आजारांबद्दलची कलमं नीट वाचा. आई-बाबांना पूर्वी डेंग्यू झाला होता का, जपानी मेंदूज्वराची लस घेतली होती का, हे डॉक्टरांनी न विचारताच त्यांना सांगा. हे विषाणू आणि वेस्ट नाइल एकाच घराण्यातले असल्याने रक्तातल्या अँटिबॉडीच्या चाचणीत गोंधळ होऊ शकतो.