गाडी हलकी करताय? आधी नट बघा

मागच्या वर्षी मी गाडीतनं साठ किलो वजन काढलं, सोलापुरातनं कोइंबतूरच्या रेस ट्रॅकला निघालो आणि टाकळीच्या अलीकडेच रस्त्याच्या कडेला बसलो. तो ट्रॅक, करी स्पीडवे, हजारेक किलोमीटर लांब आणि आपण अजून भीमा पण ओलांडलेली नाही. इंजिन नाही, क्लच नाही, चाकाचे नट. यंदा परत जायचंय, ग्रुपमधले दोघं-तिघं पण आपापल्या गाड्या सोलायला बसलेत आणि रोज रात्री अकराला फोन करून तेच तेच विचारतात, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतो, परत फोन करू नका.

गाडी माझी २००२ची होंडा सिटी व्हीटेक, दीड लिटर, १०६ बीएचपी. हिला स्पोर्ट्स कार म्हटलं की घरचे हसतात, चार दरवाजांची सेडानच आहे, पण सिटीचे नट आणि आकडे सोडले तर खालचं सगळं स्विफ्ट असो नाहीतर माझदाची एमएक्स-५, कुठल्याही गाडीला चालतं.

पहिलं काम वजन करणे. पाना हातात घ्यायच्या आधी. आमच्यातल्या एका बहाद्दराने सीटा विकून झाल्यावर विचारलं, आधी किती होतं रे. भुईकाट्यावर जायचं, मी मार्केट यार्डाकडच्या काट्यावर गेलो, पुढेमागे कांद्याचे ट्रक आणि मध्ये सिटी, काटेवाल्याने विचारलं काय भरलंय, म्हटलं काही नाही, तर म्हणतो मग वजन कशाचं करू? एकदा पूर्ण गाडी आणि एकदा फक्त पुढची दोन चाकं काट्यावर, म्हणजे पुढे किती आणि मागे किती ते पण कळतं. सामान काढायच्या आधी आणि नंतर, दोन्ही वेळेला टाकीत पेट्रोल सारखंच पाहिजे, कारण चाळीस लिटर पेट्रोल म्हणजे जवळपास ३० किलो, तेवढ्यात सगळा हिशोब खोटा होतो. मोठा काटा पाच-दहा किलोच्या टप्प्याने मोजतो, त्यामुळे सुटे पार्ट भंगारवाल्याच्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर मोजा आणि वहीत लिहा. मोबाइलमध्ये नाही, वहीत.

आता कायदा, एकदाच सांगतो. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२, आणि २०१९च्या जानेवारीत सुप्रीम कोर्टाने पण सांगितलंय की कंपनीने दिलेल्या मूळ रचनेत तुमच्या मनाने बदल चालणार नाही. त्याच वर्षीच्या दुरुस्तीत मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा एका बदलामागे ५,००० रुपये दंड आला. म्हणून कापाकापी नाही, वेल्डिंग नाही, जे बोल्टने निघतं आणि बोल्टने परत बसतं तेवढंच, आणि ते पण ट्रॅकपुरतं. माझ्या गाडीला पंधरा वर्षं कधीच होऊन गेली, दर पाच वर्षांनी पासिंगला आरटीओत न्यावी लागते, तेव्हा सगळं जागेवर लागतं. काढलेला प्रत्येक स्क्रू पिशवीत, पिशवीवर चिठ्ठी. भंगारात घालू नका. इन्शुरन्सवाल्याला विचारा. झालं.

आतलं सामान. मागची सीट, मॅट, डिकीचं कार्पेट, टूल सोडून डिकीतला सगळा संसार, हे फुकटात निघतं आणि सगळ्यात जास्त निघतं. माझ्या डिकीत बायकोच्या माहेरच्या लग्नातली चादरीची दोन पाकिटं निघाली, वरनं लोखंडी टॉमी आणि एका जुन्या सिटीचा अल्टरनेटर, तो कुणाचा आहे ते आजपर्यंत कळलं नाही. पोर्शेने १९७३च्या ९११ कॅरेरा आरएसला काय केलं, मागची सीट काढली, काचा पातळ केल्या, दाराच्या आत हँडलऐवजी पट्टा लावला. होंडाने १९९२च्या एनएसएक्स-आरमधनं असंच करून १२० किलोच्या आसपास काढले. म्हणजे आपण काही वेगळं करत नाही, फक्त त्यांनी कारखान्यात केलं आणि आपण जुळे सोलापूरच्या पार्किंगमध्ये.

फ्लोअरवरचे डांबरी पॅड काढायचे असतील तर मे महिन्यात हात लावू नका, पुरणासारखे मऊ होतात आणि सगळीकडे चिकटतात. थंडीत सकाळी सातला, पॅड कडक असताना छिन्नीने. खरं सांगायचं तर सहा-सात किलोसाठी दोन दिवस गेले आणि आता गाडीत आवाज असा येतो की शेजारी बसलेल्याशी बोलता येत नाही. मी परत करणार नाही.

एसी काढायचा का? सोलापुरात? ४३ डिग्रीत? ज्याने विचारलं त्याला आमच्या मित्राने एकच उत्तर दिलं, "काय करलालास बे?"

नवीन गाडी असेल तर सीटखाली पिवळा प्लग असतो, तो एअरबॅगचा. बॅटरीची निगेटिव्ह काढून थोडा वेळ थांबल्याशिवाय त्याला बोट लावायचं नाही. दाराच्या आतला आडवा पाइप आणि बंपरमागचा पत्रा हे वजन नाही, हे तुमचे हातपाय आहेत, तसेच राहू देत. ब्रेक डिस्कला ड्रिल मारून भोकं पाडू नका, तडे जातात.

आता फिरणारं वजन, ज्याच्यासाठी सगळे वेडे झालेत. साधं आहे. सीट गाडीबरोबर फक्त पुढे जाते. चाक पुढे पण जातं आणि फिरतं पण, म्हणजे इंजिनाला एकाच किलोसाठी दोनदा कष्ट. वजन जेवढं मध्यापासून लांब तेवढा कष्ट जास्त. टायरचा रस्त्याला लागणारा पट्टा सगळ्यात लांब, त्याचा एक किलो जवळजवळ दोन किलोसारखा वागतो, रिमचा एक किलो साधारण दीड किलोसारखा. एकाला दहा असतं असं सांगणारे लई भेटतात, त्यांना हिशोब मागा, गप्प बसतात. बाकी फायदा असा की चाक हलकं असलं की खड्ड्यातनं उडून लवकर परत रस्त्याला टेकतं, आणि होटगी रोडला हे लगेच कळतं.

म्हणून रिम घेताना आधी काट्यावर ठेवा, मग रंग बघा. माझी जुनी १४ इंची ६.९ किलोची, नवीन १५ इंची ५.४ची, एका चाकाला दीड किलो. दुकानात दिसायला भारी असलेली १७ इंची होती, उचलून बघितली, जात्याचा दगड. रिम हलकी आणि टायर जड घेतला तर काय उपयोग, टायर पण मोजा. १८५/६० आर १४ आणि १९५/५० आर १५ यांचा व्यास जवळपास सारखाच, ५७८ आणि ५७६ मिलिमीटर, त्यामुळे स्पीडोमीटर गंडत नाही.

आणि नट. इथेच मी मेलो. नीट वाचा.

होंडाचे कंपनीचे नट खालून गोल असतात, अर्ध्या गोट्यासारखे. बाहेरच्या बहुतेक अलॉय रिमची भोकं निमुळती असतात, ६० अंशाच्या कोनाची. आटे दोन्हीकडे तेच, १२ बाय दीड, त्यामुळे जुना नट नव्या रिमवर आरामात चढतो, आवळला जातो, ठरलेल्या जोराएवढं आवळलं की टॉर्क पाना कट्ट करून वाजतो पण. दुकानात चाकं बसवणाऱ्याने जुनेच नट लावले, मी बाजूला उभा राहून चहा पीत होतो आणि दीड किलो वाचलं म्हणून खूश होतो. रिमचं वजन ग्रॅममध्ये माहीत होतं मला. नट बघितले नाहीत.

विजापूर रोडला ऐंशीच्या स्पीडला स्टिअरिंग थरथरायला लागलं. वाटलं बॅलन्सिंगचा वेट पडला असेल, तसाच चार-पाच किलोमीटर रेटलं, हा दुसरा गाढवपणा. मग पुढच्या डाव्या चाकातनं टक टक टक. उतरून बघितलं तर चारातले तीन नट बोटाने फिरत होते. बोटाने! जवळच एक पंक्चरवाला होता, पोरगंच होतं वीस-बावीस वर्षांचं. त्याने नट काढला, रिमच्या भोकात नुसता ठेवला आणि अंगठ्याने डुलवून दाखवला, होडीसारखा डुलत होता. "सायेब, ह्याचं बूड गोल हाय, भोक निमुळतं हाय. बसंल कसं?" मग मोबाइलचा टॉर्च भोकात मारला. आत सगळीकडे काळा रंग कोरा तसाच आणि मधोमध केसाएवढी एक चकचकीत रेघ, गोल. तेवढ्या रेघेवर माझं चाक उभं होतं. दोन भोकं लांबट झाली होती, रिम गेली, दोन स्टड, म्हणजे नट ज्यावर चढतात ते बोल्ट, गेले. स्टेपनीवर हळूहळू घरी.

तर आता. निमुळत्या बुडाचे नवीन नट, सोळा, स्टीलचे. अॅल्युमिनियमचे रंगीत नट येतात, थोडे ग्रॅम वाचतात, घेऊ नका. हाताने आवळताना आटे मोजा, १२ मिलिमीटरच्या स्टडवर दीडचा आटा म्हणजे आठ फेरे तरी बसले पाहिजेत, कमी बसले तर नट चुकीचा किंवा स्टड आखूड. भोकात पावडर कोटिंगचा जाड थर असेल तर तो दबतो आणि नट सैल पडतो, तो थर काढा. आट्याला तेल-ग्रीस लावायचं नाही, टॉर्कचा आकडा कोरड्या आट्याचा असतो. सिटीला १०८ न्यूटन-मीटर, समोरासमोरच्या क्रमाने, चाक हवेत असताना थोडे, जमिनीला टेकल्यावर पूर्ण. एअर गनने कुणी आवळायला लागला तर हात धरा. पन्नास-शंभर किलोमीटर झाले की परत टॉर्क पाना. परत म्हणजे परत. नट.

शिवाय मधलं भोक. सिटीचा हब, म्हणजे चाक ज्यावर बसतं तो मधला उंचवटा, ५६.१ मिलिमीटर, बाहेरच्या रिमचं भोक मोठं असतं, त्यात रिंग लागते. रिंग नसेल तर चाक मध्यावर बसत नाही आणि थरथरतं, आणि मग थरथर रिंगची की नटाची ते कळत नाही.

माझदाने २०१५च्या एमएक्स-५ला पाचाऐवजी चार नट केले, वजनासाठी. त्यांनी तो हब, ती रिम, सगळं त्या हिशोबाने बनवलं. आपण असल्यातला एकही कमी करायचा नाही. हे लिहायला लागतंय कारण एकाने खरंच विचारलं.

फ्लायव्हील, म्हणजे इंजिनाच्या टोकाला फिरणारं जड चाक, ते हलकं करायचं थोडक्यात. फायदा गिअरवर ठरतो. पहिल्या गिअरला इंजिन चाकाच्या साधारण तेरा पट फिरतं, आणि हिशोबात तेराचा वर्ग होतो, १६९. फ्लायव्हीलच्या कडेचे, मध्यापासून १२ सेंटिमीटरवरचे तीन किलो काढले आणि टायरची त्रिज्या २८ धरली, तर पहिल्या गिअरला गाडीतनं नव्वदेक किलो काढल्यासारखं होतं. पाचव्याला तेच तीन पटीने, म्हणजे कसेबसे पाच किलो. आणि चौकात हळू सोडताना गाडी बंद पडते, सात रस्त्याच्या सिग्नलला मागनं हॉर्न खायची तयारी ठेवा. बिडाचं मूळ फ्लायव्हील लेथवर छिलून आणू नका, एमआयडीसीत छिलून देणारे आहेत, हातात कला पण आहे, पण सहा-सात हजार आरपीएमला बीड फुटलं तर ते तुमच्या पायाशीच असतं. स्टीलचं तयार घ्या, बॅलन्स करून. मी घेतलेलं नाही. पैसे नाहीत.

बकेट सीट एक, ड्रायव्हरची, कंपनीच्या बोल्टच्या भोकात बसणारी रेल घ्या, पट्टा तोच. बॅटरी छोटी चालते, पण क्लॅम्प नीट, नाहीतर वळणावर आडवी होते. मागे वजन कमी झालं की मागचा भाग हलका वाटतो, हेडलाइट पण खाली जातो, तो परत सेट करा. अलाइनमेंट सगळं काढून झाल्यावर, आधी नाही. ब्रेक ऑइल नवीन. ब्रेक पॅड पण.

स्टेपनी काढू नका. २०२०च्या नियमाप्रमाणे ट्यूबलेस टायर, हवेचा दाब दाखवणारी सिस्टीम आणि पंक्चर किट हे सगळं असेल तरच स्टेपनीशिवाय चालतं, माझ्या गाडीत ती सिस्टीम कुठली. ट्रॅकवर पोचल्यावर उतरवा.

आणि स्टेपनी कंपनीच्या लोखंडी रिमची आहे, तिला जुनेच गोल बुडाचे नट लागतात. बघितलं का गंमत? नवीन नट घेतले म्हणून जुने माळ्यावर टाकले तर पंक्चर झाल्यावर परत तेच, फक्त उलटं. जुने चार नट डिकीत. कापडी पिशवीत, टॉमीला बांधून. मी मागच्या रविवारी सगळी गाडी भरली, यादी वाचली, आणि पिशवी कपाटातच होती.

निघायच्या आदल्या दिवशी टायरची हवा, पाणी, टाकी अर्धी, कागद, हेल्मेट, शेंगा चटणी-कडक भाकरी. पहाटे पाचला निघायचं. टाकळीला सगळ्यांनी थांबायचं, त्या पोराच्या दुकानासमोर, गाड्या गार होईपर्यंत चहा, मग टॉर्क पाना माझ्या डिकीत आहे, एकेकाने आपापले नट परत बघून घ्यायचे, पुढच्या डाव्या चाकापासून.