‘कार्ड काय, नंतर बदलू’ : गेमिंग लॅपटॉपवाल्यांनो, या चुका टाळा

सांगलीत विश्रामबागेच्या बाजूला माझं रिपेअरिंगचं छोटं दुकान आहे. कॉलेजं सुरू झाली की नवे कोरे गेमिंग लॅपटॉप दाखवायला पोरं येतात, आणि त्यातलेच काही दिवाळीपर्यंत माझ्या टेबलावर उघडे पडलेले असतात. दरवर्षी मॉडेल नवं असतं, चूक जुनीच असते. तीच तीच सांगून घसा बसला, म्हणून एकदाच लिहून टाकतो.

सगळ्यात महाग चूक म्हणजे ‘आत्ता हलकं ग्राफिक्स कार्ड (गेमचं चित्र उभं करणारा भाग) घेऊ, पैसे आले की मोठं टाकू’.

मागच्या उन्हाळ्यात तासगावकडचे एक अण्णा मुलाला घेऊन आले. बेदाण्याचे पैसे नुकतेच हातात आले असावेत, कारण बसायच्या आधीच म्हणाले, "पैशाचं बघू नका, पण आजच्या आज बसवून द्या." मुलाने पिशवीतून खोका काढला. आत तीन पंख्यांचं, डेस्कटॉपचं आरटीएक्स ३०६० कार्ड, १२ जीबीचं. पाठीवरच्या सॅकमध्ये पंधरा इंची लॅपटॉप, जीटीएक्स १६५० ह्या हलक्या कार्डाचा. "ह्यातलं काढायचं आन् हे घालायचं. पुण्यातनं आणलंय," मुलगा म्हणाला. मी तोंड उघडायच्या आत अण्णांनीच कार्ड उचललं, मिटलेल्या लॅपटॉपवर आडवं ठेवलं आणि पोराकडं बघून विचारलं, "हे ह्यात कुठं मावतंय रं?"

तीन महिने व्हिडिओ बघून पोराला जे दिसलं नव्हतं, ते द्राक्षाच्या माणसाला एका नजरेत दिसलं.

बरं, पोराचीही सगळी चूक नव्हती. व्हिडिओ खोटा नव्हता, फक्त दुसऱ्याच जातीच्या मशीनचा होता. पूर्वी काही जाडजूड लॅपटॉपमध्ये एमएक्सएम नावाच्या वेगळ्या पाटीवर ग्राफिक्स चिप असायची. क्लेव्होच्या मशीनमध्ये होती, एमएसआयच्या जीटी मालिकेत होती. स्क्रू काढले की ती पाटी निघायची. आज दुकानात मिळणाऱ्या जवळपास सगळ्या गेमिंग लॅपटॉपमध्ये चिप थेट मदरबोर्डवर सोल्डर केलेली असते. खाली सोल्डरच्या शेकडो बारीक गोळ्या, बाजूला तिची मेमरी, वरून प्रोसेसरलाही जोडलेला, उष्णता ओढून घेणारा एकच तांब्याचा हीटसिंक. ती चिप काढून वरची बसवतो म्हणणारा कुणी भेटला, तर आपला लॅपटॉप उचलावा आणि चालू लागावं. चिप बसेलही एखाद्वेळी. पण बायोस (मशीन सुरू करणारं बोर्डावरचं सॉफ्टवेअर), वीज द्यायची सर्किटं आणि हीटसिंक जुन्याच चिपच्या मापाचे असतात.

कार्ड सुटं असलं तरी ‘काढा आणि घाला’ इतकं सोपं ते कधीच नव्हतं. २०१९ च्या एलियनवेअर एरिया-५१एम लॅपटॉपचं उदाहरण घ्या. डेस्कटॉपचा प्रोसेसर आणि सुटं ग्राफिक्स कार्ड म्हणून त्याचा केवढा बोलबाला झाला होता! पण ते कार्ड कंपनीच्या स्वतःच्या आकाराचं, म्हणजे बाहेर बाजारात दुसरं मिळायचा प्रश्नच नाही. शब्दाला खरी उतरलेली म्हणाल तर फ्रेमवर्क कंपनी. तिच्या १६ इंची लॅपटॉपला मागून आख्खा ग्राफिक्सचा डबाच लागतो. आधी त्यात रेडिऑन आरएक्स ७७००एस यायचं, २०२५ मध्ये त्याच जागेत बसणारं आरटीएक्स ५०७० आलं. असा लॅपटॉप सांगलीत माझ्या टेबलावर अजून एकही आलेला नाही.

अण्णांच्या कार्डाचं सील फुटलेलं, परत कोण घेणार? मग त्याच कार्डाभोवती डेस्कटॉपचं कॅबिनेट उभं केलं. जुना मदरबोर्ड, जुनी रॅम, पण एसएमपीएस (सगळ्याला वीज पुरवणारा डबा) नवा, ६५० वॅटचा. तिथं काटकसर मी करू देत नाही. लॅपटॉप अण्णांनी बागेच्या हिशेबाला घेतला. जीटीएक्स १६५० वर एक्सेल काय सुसाट चालतं!

म्हणून माझ्या काउंटरवर एकच नियम आहे. लॅपटॉपात रॅम आणि एसएसडी (फायली-गेम साठवायची जागा) नंतर वाढवता येते, तीसुद्धा स्लॉट आहेत का हे आधी बघूनच. ग्राफिक्स कार्ड पहिल्या दिवशी जे घ्याल तेच शेवटपर्यंत. पैसे कमी पडत असतील तर एसएसडी लहान घ्या, कीबोर्डची रंगीबेरंगी लायटिंग सोडा, नाहीतर चार महिने थांबा. थांबणं मात्र कुणाला जमत नाही.

यावर हमखास पुढचा प्रश्न येतो, "मग बाहेरून कार्ड जोडू का?" जोडता येतं, पण टाइप-सीचं भोक दिसलं म्हणजे झालं असं नाही. त्या भोकात थंडरबोल्ट किंवा यूएसबी ४ ही वेगवान जोडणी लागते. थंडरबोल्ट असेल तर भोकाशेजारी विजेची खूण असते. थंडरबोल्ट ३ चा वेग सेकंदाला ४० गिगाबिट, म्हणजे डेस्कटॉपमध्ये कार्ड बसतं त्या लांब स्लॉटपुढं अरुंद बोळच. त्यात चित्र परत लॅपटॉपच्याच स्क्रीनवर आणलंत तर त्याच बोळातून उलटी वाहतूक. वेगळा मॉनिटर कार्डालाच जोडा. बाहेरच्या कार्डाचा डबा, एसएमपीएस, कार्ड आणि मॉनिटर यांची बेरीज केलीत तर बरासा डेस्कटॉप होतो. एसएसडीच्या एम.२ स्लॉटमधून वायर बाहेर काढून, लॅपटॉपचं पोट उघडं ठेवून खेळणारेही आहेत. त्यांना माझा लांबूनच नमस्कार.

नावावर जाऊ नका, वॅट विचारा. लॅपटॉपचं आरटीएक्स ४०६० कंपनीगणिक ३५ वॅटपासून ११५ वॅटपर्यंत चालवलेलं असतं. स्टिकर तोच, किंमतही कधीकधी जवळपास तीच. या आकड्याला टीजीपी म्हणतात आणि तो स्पेसिफिकेशनच्या तळाशी बारीक अक्षरात असतो. विक्रेत्याला विचारलं की तो ‘फुल पॉवर आहे’ म्हणतो. आकडा लिहून मागा. आणि लॅपटॉपचं कार्ड म्हणजे डेस्कटॉपचंच धाकटं रूप असंही समजू नका. डेस्कटॉपच्या आरटीएक्स ४०९० ला २४ जीबी मेमरी, लॅपटॉपच्या ४०९० ला १६, आणि आतली चिपही वेगळी.

आता सांगलीची खास चूक. हळद.

एक इंजिनिअरिंगचा मुलगा मार्केट यार्डाजवळ खोली घेऊन राहायचा. खाली हळदीचं गोदाम. दीड वर्षात त्याच्या हीटसिंकच्या जाळीवर पिवळी गादी तयार झाली. गेम लावला की दहा मिनिटांत मशीन बंद. इथपर्यंत त्याचा दोष नाही, हवाच तशी. पण हा पठ्ठ्या लॅपटॉप घेऊन पंक्चरवाल्याकडे गेला आणि कॉम्प्रेसरचा पाइप थेट जाळीत लावला! पंखा बेफाम फिरला आणि बेअरिंगचा खुळखुळा झाला. टाकीत साठलेलं पाणी फवाऱ्यासारखं बोर्डावर. ते वाळवून गडी थांबला नाही. रात्री झाकण उघडलं, मेमरीची उष्णता हीटसिंकला पोचवणारे मऊ थर्मल पॅड ‘जुने झालेत’ म्हणून फेकले आणि सगळीकडे थर्मल पेस्ट फासली. पेस्ट असते कागदाइतकी, पॅडची जाडी मिलिमीटरच्या हिशेबात. मेमरी आणि हीटसिंकची गाठच पडेना. माझ्याकडे आला तेव्हा स्क्रीनवर चौकोनी ठिपके नाचत होते.

"दादा, पेस्ट चांगल्या कंपनीची होती," म्हणाला.

मी काय करतो ते सांगतो. झाकण काढलं की आधी बॅटरीचा कनेक्टर सोडवायचा. पंख्याच्या पात्यात टूथपिक अडकवून मऊ ब्रशने धूळ बाहेर ओढायची, आत ढकलायची नाही. हीटसिंकच्या स्क्रूशेजारी आकडे कोरलेले असतात. सोडवताना आणि आवळताना ते बघूनच, थोडं थोडं करत. पॅड बदलायचाच असेल तर त्याच जाडीचा. पेस्टऐवजी लावतात ते लिक्विड मेटल नवशिक्याने हातातही घेऊ नये; त्यातलं गॅलियम अ‍ॅल्युमिनियम खातं आणि थेंब घसरला तर बोर्ड शॉर्ट. हळदीच्या, पिठाच्या गिरणीच्या किंवा मातीच्या रस्त्याच्या शेजारी राहत असाल तर ही सफाई सहा महिन्यांनी. गादीवर ठेवून खेळत असाल तर आधी गादी सोडा.

बारीकसारीक बरंच आहे. रॅमची एकच काडी असेल तर तशीच दुसरी टाका, काही गेममध्ये फरक लगेच कळतो. बॅटरीवर गेम खेळून ‘कार्ड स्लो आहे’ म्हणू नका, चार्जर काढला की कार्ड जीव राखूनच चालतं. २३० वॅटच्या अ‍ॅडॉप्टरचं काम मोबाइलच्या टाइप-सी चार्जरने होत नाही. तीन पिनांच्या वायरला दोन पिनांचा जुगाड लावला की बॉडीला झिणझिण्या येतात. ते मशीनचं दुखणं नाही, अर्थिंगचं आहे. टास्क मॅनेजरमध्ये दोन ग्राफिक्स दिसतात म्हणून एक डिसेबल करणारेही महिन्याला एकदोन येतातच.

आणि पाणी. २०१९ च्या पुरानंतर आणि पुन्हा २०२१ ला माझ्याकडे भिजलेल्या लॅपटॉपांची रांग लागली होती. ज्यांनी हात न लावता आणून दिले, त्यातले बरेच बॅटरी काढून, धुऊन, वाळवून उठले. ज्यांनी ‘चालू तरी होतोय का बघू’ म्हणून बटण दाबलं, त्यांचे बोर्ड अजून माझ्या माळ्यावर आहेत, सुटे भाग काढायला उपयोगी पडतात.