म्हातारपणी थायरॉईड ‘निघाला’? या चुका टाळा

ऐंशीच्या माणसाच्या रिपोर्टवर टीएसएच ६.८ दिसला की घरात एकच ओरड: थायरॉईड निघाला! आणि संध्याकाळी थायरॉईडची गोळी सुरू. शेजारचा टी-फोर नॉर्मल आहे, याकडे कोणी बघतच नाही. टीएसएच म्हणजे थायरॉईड ग्रंथीला कामाला लावणारा हार्मोन; ग्रंथी सुस्तावली की तो वाढतो. ग्रंथीचं स्वतःचं काम तिचा हार्मोन, टी-फोर, सांगतो. वयाबरोबर टीएसएच थोडा चढतोच, ऐंशीनंतर सातच्या आसपासही असू शकतो.

एका रिपोर्टवर गोळी ही माझ्या डोक्यात जाणारी पहिली चूक. माझी मावशी ८२ वर्षांची. न्यूमोनियातून उठून तीन आठवडे झाले होते, तेव्हा टीएसएच आला ८.२. मोठ्या आजारातून सावरताना तो काही काळ वर जातो. दोन-तीन महिने थांबून पुन्हा तपासायचं. कोण थांबतंय? ५० मायक्रोग्रॅम सुरू झाली. पंधरा दिवसांत थकवा गेला नाही म्हणून मावसभावाने आपल्याच मनाने १०० केली. डोस बदलल्यावर रक्तात चित्र स्थिरावायला सहा ते आठ आठवडे लागतात, हे सांगितलं तर तो माझ्यावरच वैतागला. तीन महिन्यांनी नाडी वेडीवाकडी, ईसीजीत एट्रियल फिब्रिलेशन, म्हणजे हृदयाचे ठोके अनियमित, आणि टीएसएच ०.०५, म्हणजे गोळी जास्त झालेली. डॉक्टरांनी गोळी थांबवली, टीएसएच पाचवर येऊन टेकला. रक्त पातळ करणारी गोळी मात्र मागे लागली ती लागलीच.

थकव्यासाठीच गोळी हवी असेल तर २०१७ची ‘ट्रस्ट’ चाचणी आठवा. पासष्टीपुढच्या, असाच सौम्य दोष असलेल्या ७३७ जणांत वर्षभरानंतर खरी गोळी घेणारे आणि नुसती दिखाऊ गोळी घेणारे सारखेच थकलेले होते. नेदरलँड्समधल्या लायडनच्या अभ्यासात तर पंच्याऐंशी ओलांडलेल्यांत टीएसएच जास्त असलेल्यांमध्ये पुढच्या काही वर्षांतले मृत्यू कमी दिसले. म्हणून काही टीएसएच मुद्दाम वाढवायचा नसतो. पण त्याला चाबूक मारायची घाईही नको. दहाच्या वर गेला, किंवा टी-फोर उतरला, तर गोष्ट वेगळी.

उलट टोकाकडे, ०.१च्या खाली गेलेल्या टीएसएचकडे, लोक खुशाल दुर्लक्ष करतात. हृदय आणि हाडं तिथेच मार खातात.

केसांसाठी बायोटिन हे जीवनसत्त्व घेत असाल तर तपासणीआधी सांगा. काही यंत्रांवर टीएसएच खोटा कमी दिसतो. गोळी उपाशीपोटी. कॅल्शियम आणि लोह चार तासांनी. हृदयाच्या ठोक्यांसाठी अमिओडॅरोन हे औषध चालू असेल तर थायरॉईड बिघडण्याचं कारण आधी तिथे शोधा.

आणि हे वाचून उद्या कोणी वर्षानुवर्षांची गोळी परस्पर बंद करेल, तर तीही तसलीच घाई. ग्रंथी काढलेली असेल तर ती गोळी हवीच.

मी आता घरातल्या प्रत्येक म्हाताऱ्याची एक वही ठेवते: तारीख, टीएसएच, टी-फोर, आणि त्या महिन्यात कोणता आजार झाला होता. मावशीच्या वहीत पहिल्या पानावर न्यूमोनिया लिहिलाय, लाल शाईने.