अपार्टमेंटमध्ये फोन आणि इंटरनेटची लाईन घेताना

बेळगावच्या टिळकवाडी, अनगोळ, हिंदवाडी किंवा शहापूर भागात नवा फ्लॅट घेतला की बहुतेक जण इंटरनेटच्या प्लॅनची किंमत विचारण्यापासून सुरुवात करतात, आणि क्रम तिथेच चुकतो. कोणत्या कंपनीची केबल आपल्या इमारतीत आधीच आलेली आहे, हे कळल्याशिवाय किमतींची तुलना व्यर्थ ठरते. म्हणून पहिली फेरी दुकानात न मारता तळमजल्यावर पार्किंगमध्ये, वीजमीटरच्या आसपास मारावी. तिथे किंवा जिन्यालगतच्या डक्टमध्ये कंपनीच्या नावाची लहान प्लास्टिकची पेटी दिसते. फायबर जोडणीत केंद्रातून निघालेली एकच तार स्प्लिटरने बत्तीस किंवा चौसष्ट ग्राहकांत वाटली जाते. त्यामुळे पेटी आहे म्हणून जोडणी मिळेलच असे नाही, तिच्यात पोर्ट, म्हणजे नवी जोडणी लावण्याची जागा, शिल्लक आहे का, हे कंपनीच्या माणसाकडून पैसे भरण्याआधी वदवून घ्यावे. वॉचमन आणि शेजारी यांना मात्र एकच प्रश्न विचारावा: जुलैच्या झडीत लाईन बंद पडली तर माणूस किती दिवसांनी येतो? जाहिरातीत याचे उत्तर सापडत नाही.

पेटी नसेल, तर केबल रस्त्यावरील खांबावरून इमारतीत आणावी लागते आणि अशा वेळी असोसिएशनची लेखी परवानगी लागते. (महाराष्ट्रातून आलेली मंडळी सवयीने ‘सोसायटी’ म्हणतात; कर्नाटकात मात्र अनेक इमारतींचा कारभार 1972 च्या अपार्टमेंट मालकी कायद्याखालच्या असोसिएशनकडे असतो, त्यामुळे तिकडचे छापील नमुने येथे जसेच्या तसे वापरू नयेत.) परवानगीच्या अर्जात केबल कोणत्या मार्गाने वर जाणार, भोक कुठे पाडणार आणि ते कोण बुजवणार, एवढे नमूद केले तरी नंतरची बहुतेक भांडणे टळतात. मार्ग डक्टमधूनच असावा, असा माझा आग्रह आहे. मी पूर्वी राहत असलेल्या फ्लॅटमध्ये श्रम वाचवण्यासाठी केबल गच्चीवरून थेट खिडकीत सोडली होती. वळवाच्या वाऱ्यात ती कठड्याच्या काठावर घासत राहिली आणि ऐन जूनमध्ये तुटली.

कागदपत्रांत आधार कार्ड, छायाचित्र आणि जोडणीच्या पत्त्याचा पुरावा मागतात. हेस्कॉमचे वीजबिल किंवा भाडेकरार सहसा चालतो. चंदगड किंवा कोल्हापूरकडच्या पत्त्याचे आधार असलेल्या भाडेकरूंनी ओळखीसाठी आधार आणि पत्त्यासाठी करार अशी जोडी आधीच तयार ठेवावी. 1 नोव्हेंबर 2014 पासून शहराचे अधिकृत नाव ‘बेळगावी’ झाले. जुन्या कागदांवर ‘बेळगाव’ असल्यास अर्जावरचा बाकीचा पत्ता, विशेषतः फ्लॅट क्रमांक आणि पिनकोड, सर्व कागदांवर अक्षरशः सारखा लिहावा. अर्ज बहुधा इंग्रजीत किंवा कन्नडमध्ये असतो. समजत नसेल, तर वाचून दाखवायला सांगण्यात संकोच करू नये. मासिक रकमेवर 18 टक्के जीएसटी वेगळा लागतो, हे विसरू नये. राउटर विकत, भाड्याने की परतीच्या ठेवीवर, हे पावतीवर लिहून घ्यावे आणि पैसे कुणाच्या खासगी खात्यावर भरू नयेत.

जोडणीच्या दिवशी स्वतः घरी थांबावे. बाहेरच्या भिंतीतील भोक बाहेरच्या बाजूला थोडे उतरते असावे आणि आत शिरण्याआधी केबलला खाली एक झोल द्यावा, म्हणजे पाणी तारेवरून ओघळत घरात न येता तिथेच ठिबकून जाते. फायबरची केबल काटकोनात मुडपली की आतला काचेचा तंतू प्रकाश गमावतो, म्हणून कोपऱ्यावर सैल वळण ठेवायला सांगावे. तिच्यात आधारासाठी पोलादी तार असेल, तर केबल विजेच्या तारांपासून दूर न्यावी. काम संपल्यावर ‘पॉवर किती येते?’, म्हणजे केबलमधून पोहोचणाऱ्या प्रकाशाची ताकद किती, असे विचारावे. नेहमीच्या घरगुती जोडणीत हा आकडा उणे 8 ते उणे 27 डीबीएमच्या (या ताकदीचे एकक) दरम्यान असावा लागतो. तो उणे 26 च्या आसपास असेल, तर आज चाललेली लाईन उद्या पावसाळ्यात रुसण्याचा संभव आहे, म्हणून जोड पुन्हा करून घ्यावा. वेग तपासताना लॅपटॉप लॅनच्या वायरने जोडावा. 100 एमबीपीएसचा प्लॅन म्हणजे सेकंदाला सुमारे 12 मेगाबाइट, हा हिशेब लक्षात ठेवल्यास फसवले गेल्याचा गैरसमज होत नाही.

राउटर घराच्या मध्यभागी आणि इन्व्हर्टरच्या प्लगवर ठेवावा. पाच गिगाहर्ट्झचा वायफाय वेगवान असला तरी भिंतींपुढे लवकर दमतो. जांभ्या दगडाच्या जाड भिंती असलेल्या जुन्या घरांत तर पलीकडच्या खोलीतही तो पोहोचेलच असे नाही. दूरच्या खोलीसाठी 2.4 गिगाहर्ट्झचे जाळे चालू ठेवावे.

फोनचे यंत्र आता घरात फायबरची केबल ज्या डब्यात येते, त्याच डब्याला जोडतात. जुन्या तांब्याच्या लाईनला वीज एक्स्चेंजमधून मिळत असे, म्हणून वीज गेली तरी फोन चाले. आता डबा बंद झाला की फोनही बंद. घरी वृद्ध मंडळी असतील, तर डब्यासाठी बारा व्होल्टचा छोटा यूपीएस घ्यावा. क्रमांकाआधीचा कोड बेळगाव शहरासाठी 0831, तर निपाणीसाठी 08338 आहे, आणि 15 जानेवारी 2021 पासून लँडलाईनवरून कोणत्याही मोबाइलला आधी शून्य लावावे लागते.

डब्यावर ‘लॉस’ नावाचा लाल दिवा लागला, तर प्रकाशच पोहोचत नाही असे समजावे आणि राउटर पुन्हा पुन्हा बंद-चालू करण्यात वेळ न घालवता तक्रार नोंदवून डॉकेट क्रमांक लिहून ठेवावा. तक्रार मुदतीत सुटली नाही, तर ट्राय या दूरसंचार नियामक संस्थेच्या 2012 च्या नियमांनुसार त्याच कंपनीच्या अपील अधिकाऱ्याकडे विनामूल्य दाद मागता येते, आणि तिथे हाच क्रमांक लागतो.