गाडी सुरू होत नसेल तर फॉल्ट कोडचा माग कसा काढावा

डिसेंबर-जानेवारीत पुण्यात पहाटेचा पारा १० अंशांच्या आसपास उतरतो आणि वर्षभर कुरकूर न करणाऱ्या गाड्या नेमक्या याच दिवसांत सोसायटीच्या पार्किंगमध्ये अडून बसतात. मग कोणीतरी स्कॅनर लावतो, पडद्यावर एक कोड उमटतो आणि त्या कोडमध्ये ज्या सेन्सरचे नाव आहे तो सेन्सर आणायला माणूस नाना पेठेत धावतो. या घाईत बराच पैसा वाया जातो. अमुक भाग खराब आहे, असे कोड कधीच सांगत नाही. अमुक सर्किटमधून अपेक्षित संदेश आला नाही, एवढीच तो गाडीच्या संगणकाची, म्हणजे ईसीएमची, तक्रार असते. बिघाड सेन्सरमध्ये आहे, वायरमध्ये आहे, कपलरमध्ये (वायरी जोडणाऱ्या खोबणीत) आहे की बॅटरीत, हे आपल्याला शोधावे लागते.

स्कॅनर हातात घेण्याआधी लक्षण नेमके ओळखावे. किल्ली फिरवल्यावर अजिबात आवाज येत नाही, नुसते ‘टक-टक’ होते, सेल्फ जोरात फिरतो पण इंजिन पकडत नाही, की इंजिन सुरू होऊन दोन सेकंदांत बंद पडते, या चार तक्रारींची कारणे वेगवेगळी असतात. इग्निशन ऑन केल्यावर, सेल्फ मारण्यापूर्वी, चेक इंजिनचा दिवा लागणे हे नेहमीचेच आहे. तो बिघाडाचा पुरावा नव्हे. उलट तो दिवा लागलाच नाही तर सावध व्हावे, कारण मेन रिले किंवा फ्यूज गेल्यामुळे ईसीएमला वीजच मिळत नसण्याची शक्यता असते. त्या स्थितीत स्कॅनरही बहुधा ईसीएमशी जोडला जात नाही.

यानंतर बॅटरी तपासावी. ही पायरी कोणीही गाळू नये, असे मला कळकळीने सांगावेसे वाटते. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीच्या बॅटरीवर मल्टिमीटर लावल्यास सुमारे १२.६ व्होल्ट दिसायला हवेत. १२.२ दिसले तर बॅटरी जवळपास निम्मी उतरलेली असते. मग घरातल्या कोणाला तरी सेल्फ मारायला सांगून आकडा पाहत राहावे, तो ९.६ च्या खाली घसरला तर बॅटरी तरी थकली आहे किंवा टर्मिनलवर पांढरट-हिरवा थर साचून संपर्क बिघडला आहे. कमी व्होल्टेजमुळे ईसीएम गोंधळतो आणि एकमेकांशी संबंध नसलेले पाच-सहा कोड एकदम नोंदवतो. कोडांची अशी जत्रा दिसली, विशेषतः त्यात पी ०५६२ (कमी व्होल्टेजचा कोड) किंवा ‘यू’ने सुरू होणारे कोड असले, तर बाकी सगळे बाजूला ठेवून आधी बॅटरी चार्ज करावी.

बॅटरी ठणठणीत असूनही सेल्फ मंद फिरत असेल तर अर्थिंग, म्हणजे बॅटरीच्या ऋण टर्मिनलची इंजिनशी असलेली जोडणी, पाहावे. मल्टिमीटरची काळी पिन बॅटरीच्या ऋण टर्मिनलवर आणि लाल पिन इंजिनच्या उघड्या धातूवर टेकवून सेल्फ मारला असता आकडा ०.२ ते ०.३ व्होल्टच्या आत राहिला पाहिजे. तो अर्ध्या व्होल्टच्या वर गेला तर अर्थची पट्टी सैल झाली आहे किंवा गंजली आहे. ही तपासणी दोन मिनिटांची आहे, पण ती क्वचितच कोणी करतो. सेल्फ एका वेळी १० सेकंदांहून अधिक मारू नये आणि दोन प्रयत्नांत निदान अर्धा मिनिट जाऊ द्यावा. गाडी न्यूट्रलमध्ये आणि हँडब्रेक ओढलेला असावा.

आता कोड वाचावा. भारतात एप्रिल २०१३ पासून बीएस-४ गाड्यांना ओबीडी-२, म्हणजे गाडीने स्वतःचे बिघाड नोंदवण्याची प्रमाणित व्यवस्था, लागू झाले, त्यामुळे त्यानंतरच्या गाड्यांत स्टिअरिंगखाली, चालकाच्या गुडघ्याजवळ, १६ पिनांचे सॉकेट असते. त्यात साधा ब्लूटूथ स्कॅनर खोचून, इग्निशन ऑन ठेवून, मोबाईलवरच्या ॲपमध्ये कोड उघडावेत. कोडचे पहिले अक्षर ‘पी’ असेल तर तक्रार इंजिन-गिअरबॉक्सची आणि ‘यू’ असेल तर गाडीतील संगणकांच्या आपसातील संवादाची असते. पुढचा अंक शून्य असेल तर त्या कोडचा अर्थ सर्व कंपन्यांच्या गाड्यांत एकच असतो. एक असेल तर तो कंपनीचा स्वतःचा कोड असतो आणि त्याचा अर्थ त्याच गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये पाहावा लागतो. कोड दिसला की त्याचा आणि त्यासोबतच्या फ्रीझ फ्रेमचा, म्हणजे बिघाडाच्या क्षणी इंजिनचे तापमान, वेग वगैरे काय होते त्या नोंदीचा, फोटो काढून ठेवावा. कोड पुसला किंवा बॅटरीची वायर काढली की ही नोंदही जाते, आणि अधूनमधून उद्भवणाऱ्या बिघाडात तीच सर्वांत मोलाची असते.

सेल्फ अजिबात फिरत नसेल आणि पी ०६१५, पी ०६१६ किंवा पी ०६१७ आला असेल तर स्टार्टर रिलेचे सर्किट तपासावे. फ्यूज पाहावा, रिले त्याच पेटीतल्या तशाच दुसऱ्या रिलेशी अदलाबदल करून पाहावा, क्लच पूर्ण दाबल्यावर क्लच स्विच काम करतो का ते पाहावे. ऑटोमॅटिक गाडी असल्यास ‘एन’मध्ये टाकून प्रयत्न करावा. पी ०५१३ आला, किंवा डॅशबोर्डवर किल्लीचे चिन्ह लुकलुकत राहिले, तर इमोबिलायझरला, म्हणजे चोरी रोखणाऱ्या यंत्रणेला, किल्ली ओळखता येत नाही. अशा वेळी कपाटातली दुसरी किल्ली लावून पाहणे हा पहिला उपाय.

सेल्फ जोमाने फिरतो पण इंजिन पकडत नाही, ही तक्रार सर्वांत जास्त चकवते. पी ०३३५ हा क्रँकशाफ्टचे, म्हणजे इंजिनच्या मुख्य दांड्याचे, फिरणे टिपणाऱ्या सेन्सरच्या सर्किटचा कोड आणि पी ०३४० हा कॅमशाफ्टच्या, म्हणजे झडपा उघडणाऱ्या दांड्याच्या, सेन्सरच्या सर्किटचा. येथे स्कॅनरचा लाइव्ह डेटा, म्हणजे त्या क्षणी बदलणारे आकडे, कामाला येतो. सेल्फ मारताना आरपीएमचा (इंजिनच्या दर मिनिटाच्या फेऱ्यांचा) आकडा पाहावा. तो साधारण १५० ते २५० दाखवत असेल तर क्रँक सेन्सरचा संदेश ईसीएमपर्यंत पोहोचतो आहे. इंजिन फिरताना ऐकू येते आणि पडद्यावर मात्र शून्यच राहते, तर त्या सर्किटचा माग घ्यावा. तीन वायरींचा सेन्सर असेल तर कपलर काढून वीज आणि अर्थ येतो का ते मल्टिमीटरवर मोजावे. दोन्ही येत असतील आणि संदेशाची वायर अखंड असेल, तरच सेन्सरवर संशय घ्यावा.

हे मी स्वतःच्या अनुभवावरून सांगतो. माझी गाडी एकदा कात्रजच्या घाटातून परतताना बंद पडली आणि वीस मिनिटांनी आपोआप सुरू झाली. कोड पी ०३३५. गॅरेजमध्ये सेन्सर बदलला, पैसे दिले, आणि चौथ्या दिवशी पुन्हा तोच कोड. मग मी गाडी पार्किंगमध्ये उभी करून इंजिन सुरू ठेवले, मोबाईलवर आरपीएम उघडला आणि लाकडी पट्टीने वायरिंगची जुडी एकेक वीत पुढे सरकत हलवत गेलो. गिअरबॉक्सजवळच्या वळणावर पट्टी लागताच आकडा शून्यावर आला आणि इंजिन बंद पडले. टॉर्चच्या उजेडात पाहिले, तर उंदराने वायरचे आवरण कुरतडलेले होते आणि आतली तांब्याची तार ब्रॅकेटला टेकत होती. काढलेला जुना सेन्सर निर्दोष होता.

पी ०२३० किंवा पी ००८७ आल्यास इंधनाकडे वळावे. बहुतेक पेट्रोल गाड्यांत इग्निशन ऑन करताच मागच्या सीटखालून पंपाची दोन सेकंदांची घरघर ऐकू येते. ती आली नाही तर आधी फ्यूज आणि रिले, मग पंप. पुण्यात सीएनजी गाड्या भरपूर आहेत. त्यांतल्या बऱ्याच गाड्या आधी पेट्रोलवर सुरू होऊन मग गॅसवर जातात, आणि टाकीत पेट्रोल तळाला ठेवून महिनोन्‌महिने चालवल्याने पंप खराब होतो. टाकीत थोडे ताजे पेट्रोल नेहमी असावे.

एका परिस्थितीत मात्र यातले काहीही करू नये. जुलै २०२४ मध्ये सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत शिरले तसे पाणी गाडीत शिरले असेल, तर कोड वाचण्यासाठीसुद्धा इग्निशन ऑन करू नये. सिलिंडरमध्ये पाणी असताना सेल्फ मारला तर कनेक्टिंग रॉड वाकू शकतो. बॅटरीची वायर सोडवून गाडी टोइंग करून न्यावी.

दुरुस्ती झाल्यावर कोड पुसावा, गाडी पूर्ण गार झाल्यावर एकदा आणि वीस-तीस किलोमीटर चालवून तापल्यावर एकदा सुरू करून पाहावी, आणि मग पेंडिंग, म्हणजे अजून पक्क्या न झालेल्या, कोडांची यादी पुन्हा उघडावी. काम गॅरेजमध्ये दिले असेल तर फ्रीझ फ्रेमचा फोटो आधीच दाखवावा, कोणती मोजमापे घेतली ते विचारावे आणि बदललेला भाग परत मागून घ्यावा.